हातमोजे की कॉफी

बूच निघालं तसा पिंपातून फुस्स आवाज आला आणि हिल्डिंगने डोळे मिटून नाक खाली नेलं.

शेडमध्ये कुणी बोलत नव्हतं. पिंपाचं बूच निघालं की खारवणाऱ्याने तोंड उघडेपर्यंत बाकीच्यांनी गप्प राहायचं, हा या घरचा तीन पिढ्यांचा रिवाज. डबे भरायला आलेल्या बायका लांब टेबलाशी उभ्या होत्या. बेर्टिलने झाकणं बसवायच्या यंत्रावरचा हात काढून घेतला होता. बाहेर धक्क्याला बांधलेली होडी दोरीला हिसके देत होती, तेवढाच आवाज.

हिल्डिंगने लांब श्वास घेतला, धरून ठेवला, आणि डोळे उघडून पिंपाच्या पलीकडे उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं. क्षणभरच. सोल्वेगचे हात तिच्या अंगालगत सरळ लोंबत होते.

टेबलाच्या टोकाशी हिल्डिंगची धाकटी बहीण डॅग्नी उभी होती. शहात्तर वर्षांची, डोक्याला रुमाल, हातात रबरी हातमोज्यांची जोडी. दर वर्षी विचारायची तसंच तिने विचारलं, "काय रे, हातमोजे घालू की कॉफी ठेवू?"

"कॉफी ठेव," हिल्डिंग म्हणाला. "परवा बघू. गुरुवारी भरता येईल."

टेबलाशी सुस्कारे सुटले, हसणं झालं. "म्हणजे मी आज दात लावून आले ते फुकटच," डॅग्नी म्हणाली.

"कॉफीबरोबर बिस्किटं खा की त्याच दातांनी," बेर्टिल म्हणाला.

"तुझ्या बायकोने केलेली असतील तर दात काढूनच ठेवते."

हिल्डिंगने बूच पुन्हा ठोकलं. मग तो आणि बेर्टिल पिंपं फिरवायला लागले. शेडच्या दक्षिणेच्या भिंतीशी, दिवसभर ऊन लागेल अशी ती चाळीसेक पिंपं आडवी ठेवलेली होती. रोज पाव फेरा द्यायचा, आणि पिंपाच्या तोंडावर खडूने वरच्या दिशेला बाण काढायचा, कालचा बाण बाहीने पुसून. ताजा बाण दिसला की ते पिंप फिरवून झालं. एक्क्याऐंशीव्या वर्षीही हे काम हिल्डिंग दुसऱ्यावर सोडत नसे. त्याच्या डाव्या बाहीवर उन्हाळाभर खडू असे.

जून संपत आला होता. वसंतात किनाऱ्याशी येणारी बारकी मासळी पकडायची, एक दिवस कडक मिठात ठेवून तिचं रक्त काढायचं, मुंडकी आणि आतडी काढून गाबोळी तेवढी आत ठेवायची, आणि मग हलक्या मिठवणीत पिंपात घालून आंबू द्यायची. किती दिवस, ते उन्हावर आणि पाण्यावर. डब्यात भरल्यावरही ती आंबतच राहते, झाकणं फुगतात, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी सगळा उत्तर किनारा अंगणात टेबलं मांडून ते डबे फोडतो. लवकर भरली तर मासळी नुसती खारट आणि मुकी. उशीर झाला तर डब्यातून माशाऐवजी लापशी निघते. मधला जो एखादा दिवस असतो तो नाकाने ओळखायचा. दुसरं साधन नोर्डविक गावात कुणी कधी वापरलं नव्हतं.

हिल्डिंगच्या आजोबांनी, आल्बिनने, हे सुरू केलं तेव्हा शेडही नव्हती. मीठ महाग, म्हणून कमी मिठात जी मासळी टिकेल ती टिकवायची, एवढाच हिशोब. आतल्या गावांतले शेतकरी शरद ऋतूत आपापली लाकडी बुधली घेऊन येत, बटाटे आणि जवाचं पीठ देऊन मासळी भरून नेत. आल्बिनचा मुलगा आल्गॉट जरा हौशी. एका बंद पडलेल्या मुरंब्याच्या कारखान्यातून त्याने डब्यांना झाकण बसवायचं यंत्र आणलं. पहिल्या वर्षी डबे त्याने घराच्या माळ्यावर रचले, पत्र्याच्या छपराखाली. जुलैच्या एका दुपारी, कुटुंब जेवायला बसलेलं असताना, ते एकामागून एक फुटायला लागले. आल्गॉटची बायको पोरांना घेऊन आईकडे गेली आणि घर धुऊन झाल्याचा निरोप आल्याशिवाय परतली नाही. माळ्याच्या तुळयांना तो वास अजून होता असं हिल्डिंग सांगे.

परत आल्यावर तिनेच डब्यावरचं चित्र काढलं. लाल बोटघर, समोर धक्का, धक्क्यावर समुद्रपक्षी. पक्ष्याचे पाय जाड झाले आणि शेपूट वर गेली. आल्गॉटला ते दिसेपर्यंत कागद छापून आले होते. तेव्हापासून दुकानातून लोक 'कोंबडीछाप' मागत. पुढे स्टॉकहोमच्या एका जाहिरातवाल्याने चित्र सुधारून द्यायची तयारी दाखवली, तेव्हा हिल्डिंग म्हणाला होता, "आईची कोंबडी आहे. राहू दे."

हिल्डिंग चौदाव्या वर्षी बापाशेजारी पिंपापाशी उभा राहिला. पुढे वीसेक वर्षं नुसता उभाच राहिला. मग एका जूनमध्ये आल्गॉटने बूच काढलं, वास घेतला, आणि काहीच न बोलता बाजूला सरकून जागा केली. हिल्डिंग वाकला. डॅग्नीने तेव्हाही विचारलं होतं, हातमोजे की कॉफी. फक्त त्या दिवशी तिने बापाऐवजी भावाकडे बघून विचारलं.

सोल्वेगसाठी असं कुणी बाजूला सरकलं नव्हतं. तशी अपेक्षाही नव्हती. शाळेच्या बसमध्ये अंगाला येणाऱ्या मासळीच्या वासामुळे तिच्या आणि तिच्या भावाच्या, स्टफानच्या, शेजारची जागा रिकामी राहायची. दोघांनी लहानपणीच ठरवलं होतं की इथून जायचं. स्टफान स्टॉकहोमला गेला. ती उप्सालाला ग्रंथालयात लागली, लग्न केलं, मोडलं. आई गेल्यावर एका उन्हाळ्यापुरती आली ती राहिलीच. पत्रव्यवहार, मागण्या, डब्यांची खोकी, हे तिचं काम. पिंपापाशी ती उभी राही ती बूच काढल्यावर बापाच्या हातात फडकं द्यायला.

सात वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात हिल्डिंगला मोठा ताप आला. बरा झाला. त्यानंतर एका सकाळी सोल्वेग स्वयंपाकघरात आली तर पातेल्यातली लापशी करपून काळी झालेली, खोलीत धूर, आणि बाबा चुलीकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसलेले. तिने पातेलं उचलून बाहेर बर्फात ठेवलं आणि खिडकी उघडली. त्यांनी मान वर करून विचारलं, "गार हवा कशाला घेतेस आत?" मग त्यांना धूर दिसला. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

त्या जूनमध्ये त्यांनी बूच काढलं, नेहमीसारखा लांब श्वास घेतला, आणि डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तिला तो चेहरा ओळखीचा वाटला नाही. पिंपातून अंड्याचा वास येत होता, कच्चा, जाड, वरच तरंगणारा. लहानपणी याच शेडमध्ये टेबलाखाली खेळताना तो तिने शेकडो वेळा घेतला होता, आणि तो असेपर्यंत आजोबा कॉफीच मागत. तिचे हात जिथे होते तिथेच राहिले. हिल्डिंग म्हणाला, "कॉफी ठेव." तीन दिवसांनी तो वास खाली बसला होता आणि मागून दुसरा, लोण्यासारखा आणि व्हिनेगरसारखा तीक्ष्ण वास पुढे आला होता. सोल्वेगने, का ते तिलाही कळलं नाही, दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. हिल्डिंग म्हणाला, "हातमोजे घाला."

त्यानंतर दर वर्षी तसंच. ते वाकायचे, बघायचे, तिचे हात खिशात असत किंवा नसत. यावर घरात कधी एक शब्द निघाला नाही. कोंबडीछाप डब्याची चव बदलली असं कुणी म्हणालं नाही. उलट शेजारच्या खाडीतला रूने, ज्याचा कारखाना मोठा होता आणि मासळी लवकर भरलेली, सौम्य, शहरी लोकांना चालेल अशी, तो म्हणायचा, "हिल्डिंग, घरच्यांना सांगून ठेव, तुझं नाक तुझ्याबरोबर पुरू नका म्हणावं, मला द्या."

त्या मंगळवारी संध्याकाळी बापलेकींनी उकडलेले बटाटे आणि मासा खाल्ला. हिल्डिंगने बटाट्यावर नेहमीसारखं जास्त मीठ घातलं. सोल्वेगच्या ताटाशेजारी पुस्तक पालथं पडलेलं होतं.

"काय वाचतेस?"

"एका बाईची गोष्ट आहे. घर सोडून दक्षिणेला जाते."

"परत येते का?"

"अजून शंभर पानं आहेत, बाबा."

"आली तर सांग," ते म्हणाले, आणि बाहेर हवा बघायला गेले. वारा फिरला होता. उत्तरेचा सुटला होता.

बुधवारी सकाळी सोल्वेग झाकणांची खोकी आणायला शहरात गेली. परत आली तेव्हा हिल्डिंग दारातल्या बाकावर बसलेला होता, भिंतीला टेकून. एक बूट पायात, दुसरा मांडीवर. तिने आधी खोकी खाली ठेवली. खोकी नीट एकावर एक ठेवली. मग त्याच्या हाताला हात लावला.

रुग्णवाहिका आली, तिच्यातली बाई तरुण होती. अंगणात उतरताच तिने बाही नाकाला लावली आणि लगेच खाली घेतली, शरमून. "माफ करा," ती म्हणाली.

"असू दे. शेडचा आहे वास," सोल्वेग म्हणाली. तिला आपला आवाज दुकानात सुटे पैसे मागताना असतो तसा वाटला.

दुपारी डॅग्नी आली. तिने हिल्डिंगचा कप घासला, पुसला, आणि कुठे ठेवावा ते न सुचून पुन्हा घासला. खाडीपलीकडे रूनेच्या अंगणातला झेंडा निम्म्यावर उतरला होता. स्टॉकहोमहून निघालेला स्टफान संध्याकाळच्या गाडीने येणार होता. सोल्वेग टेबलाशी बसून होती. रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली, ते आलं नाही. तिला लापशीचं पातेलं आठवत होतं, ते बर्फात किती खोल रुतलं होतं ते.

"त्याचं नाक गेलेलं होतं," डॅग्नी कपाकडे बघत म्हणाली.

सोल्वेगने मान वर केली.

"अशी काय बघतेस? टेबलाशी मीच उभी असते ना समोर. आधी तो पिंपात बघायचा आणि मग माझ्याकडे. सात वर्षं झाली, तो आधी तुझ्याकडे बघतो. म्हणजे बघायचा."

"तुला बोलले होते ते?"

"हिल्डिंग? त्याला दाढ काढायची होती ते सुद्धा गाल सुजल्यावर कळलं आम्हाला." डॅग्नीने कप अखेर खिडकीत ठेवला. "तू तरी कधी बोललीस?"

सोल्वेग खिडकीकडे वळली. खिडकीतून शेडची दक्षिणेची भिंत दिसत होती. तिच्यावर ऊन नव्हतं.

स्टफान आला, बहिणीला मिठी मारली, बापाच्या खुर्चीवर बसला आणि लगेच उठून दुसऱ्या खुर्चीवर बसला. दोघांनी पावाबरोबर चीज खाल्लं. मग तो म्हणाला, "गाडीतून मी रूनेला फोन केला. तो उद्या सकाळी येतो."

"कशाला?"

"पिंपं कोण बघणार? बाबा नाहीत. अंत्यविधीला अजून दोन-तीन आठवडे आहेत, मासळी तेवढी थांबत नाही हे तूच सांगशील मला. रूने म्हणतो, तो सांगेल तेव्हा भरू, हवं तर त्याच्याकडेच नेऊन भरू. पुढच्या वर्षी सगळंच त्याने घ्यावं. माणूस वाईट नाही, सोल्वेग."

"नाही. वाईट नाही."

"मग?"

"काही नाही."

"तू बोलत का नाहीस? लहानपणापासून असंच. तू आणि बाबा. दोघं एका खोलीत बसलेले असायचात आणि मला वाटायचं घरात कुणी नाहीये."

तो चिडून बोलत नव्हता, दमून बोलत होता. सोल्वेगला त्याला सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे बाबांचं नाक सात वर्षांपूर्वीच गेलं होतं हे पहिल्यांदा सांगायचं, आणि ते बाबा गेले त्याच दिवशी. तिने ताटं उचलली.

गुरुवारी सकाळी वारा पडला होता. रूने इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. शेडच्या दाराशी त्याने टोपी काढली आणि तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. "चाळीस वर्षं मी त्याला चिडवलं. आता कुणाला चिडवू?" एवढंच म्हणाला.

बायका टेबलाशी उभ्या होत्या. बेर्टिल यंत्रापाशी. रूनेने स्टफानच्या मदतीने कडेचं पहिलं पिंप फिरवून बूच वर आणलं. सोल्वेग पलीकडे उभी राहिली, हातात फडकं घेऊन, नेहमीच्या जागी. बूच निघालं. फुस्स आवाज आला. सगळे गप्प झाले.

रूने वाकला. त्याने डोळे मिटले नाहीत. सरळ झाला तेव्हा तो तिच्याकडे पाहत नव्हता, पिंपाकडेच पाहत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या क्षणी तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"चांगली आहे," रूने म्हणाला. "मी तर भरेन. हिल्डिंग गुरुवार म्हणाला होता ना?"

"गुरुवारच म्हणाले होते," बेर्टिल म्हणाला. "माझ्यासमोर."

"झालं तर मग," स्टफान म्हणाला. "बाबांचाच शब्द आहे."

वास तिच्यापर्यंत आला होता. अंड्याचा. कच्चा, जाड, वरच तरंगणारा, मंगळवारी होता तेवढाच. तिला वाटलं आपलंच नाक गेलं असेल. दुःखात माणसांना भलतंच काही होतं असं तिने कित्येक पुस्तकांत वाचलं होतं. तिने फडकं नाकाशी नेलं. फडक्याला साबणाचा वास होता, आणि खडूचा. तिने फडकं खाली घेतलं आणि पुन्हा वास घेतला. अंडं.

तिने भिंतीकडे पाहिलं. उघडलेलं पिंप सोडून बाकी सगळी पिंपं रांगेने आडवी होती, आणि प्रत्येकाच्या तोंडावरचा खडूचा बाण सरळ वर दाखवत होता. मंगळवारचेच, पुसट झालेले बाण. हिल्डिंगच्या हाताचे, टोकाशी जरा डावीकडे झुकलेले. काल ते पुसून नवे काढायला कुणी आलं नव्हतं. काल उत्तरेचा वारा होता, भिंतीवर ऊन नव्हतं, आणि घरातली सगळी माणसं दुसरीकडे होती. पिंपांना पाव फेरा मिळाला नव्हता. मासळी मंगळवारीच थांबली होती.

बाबा चुकले नव्हते. गुरुवार बरोबरच होता, पण मधला बुधवार पिंपांना मिळालाच नव्हता.

बेर्टिलने यंत्राची कळ दाबली, पट्टा घरघरला. एका बाईने हातमोजा चढवला. रूने टोपी उचलायला वळला. आता हे डबे भरले जातील, झाकणं बसतील, वर कोंबडी चिकटेल, ऑगस्टमध्ये लोक डबा फोडतील आणि आतलं रूनेचं निघेल. त्यांना कदाचित आवडेलही. पुढच्या वर्षीपासून कोंबडीचा कागदही लागणार नाही.

डॅग्नीने हातमोजे घातले नव्हते. ते तिच्या हातात होते, बोटं खाली लोंबत. तिने बेर्टिलकडे पाहिलं तसं त्याने यंत्र बंद केलं. मग ती वळली, रूनेकडे नाही, स्टफानकडे नाही.

"काय गं," ती म्हणाली, आणि हातमोजे जरा वर धरले. "काय गं सोल्वेग, हातमोजे घालू की कॉफी ठेवू?"

स्टफानने आत्याकडे पाहिलं आणि मग बहिणीकडे. रूने टोपी हातात धरून थांबला. तो खारवणारा होता, त्याला रिवाज माहीत होता.

सोल्वेगचे हात अंगालगत सरळ होते. डॅग्नीला ते दिसत होते. बाकीच्यांना त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तिने वाट पाहिली, सवयीने, कुणीतरी तिच्याकडे बघून बोलेल म्हणून. पिंपाच्या पलीकडची बाबांची जागा रिकामी होती. तिने फडकं पिंपावर ठेवलं.

"कॉफी ठेव, आत्या," ती म्हणाली.